सात डिसेंबरचा उतारा

काकड्याच्या चहाची यादी संगणकावर करायची, असं देवळाच्या ओट्यावर ठरलं आणि तिथून माझे दिवस फिरले. नुसते फिरले नाहीत. काही पुढं गेले, काही मागं गेले, आणि काही तर अजून यायचेत.

आमचं कान्हे म्हणजे पुणे-लोणावळा लोकलवरचं वडगाव आणि कामशेतच्या मधलं स्टेशन. एक्सप्रेस गाड्या इथं थांबत नाहीत, नुसती धूळ उडवून जातात. लोकल थांबते. त्यामुळं गावाचा घड्याळापेक्षा लोकलवर भरवसा, आणि तारखेपेक्षा तिथीवर. कोजागिरी ते त्रिपुरारी पौर्णिमा महिनाभर पहाटे देवळात काकडा असतो. आरती, भजन आणि मग चहा. चहा रोज एका घराचा. दूध, साखर, पावडर त्या घरानं आणायची; हात सैल असेल तर वर खारीचा पुडा. तीस पहाटा, तीस घरं.

इतकी वर्षं ही यादी तात्यांच्या डोक्यात होती. आदल्या संध्याकाळी तात्या ज्याच्या दारात येऊन नुसते खाकरत, त्यानं समजायचं की उद्याचा चहा आपला. यात बारकावेही होते. नरकचतुर्दशीच्या पहाटेचा चहा ज्याच्याकडं येईल त्याला सोबत फराळ काढावा लागतो. तो मान तात्या दरवर्षी फिरता ठेवत, आणि गेल्या वर्षी ज्यानं पाणीदार चहा पाजला असेल त्याच्याकडं हमखास फिरवत. पण २०२५च्या दसऱ्याला तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. कोजागिरी आली चार दिवसांवर. यादी तात्यांच्या डोक्यातून काढून कागदावर घ्यायची वेळ आली. कागद म्हणताच तरुण मंडळी म्हणाली, कागद कशाला, एक्सेलमध्ये करू. आणि एक्सेल म्हणताच सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

कारण मी पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टाइमकीपर होतो. हजेरीचं मस्टर, लेटमार्क, ओव्हरटाइम, बदली सुट्टी. कुठल्या महिन्यात पाच रविवार येणार हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. अशा माणसाला ओळीनं तीस तारखा लिहायला सांगणं म्हणजे वाण्याला पुडी बांधायला सांगणं. मी मान डोलावली.

आधी एक खुलासा केलेला बरा. आमच्या गावात कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतात, कुठल्याही छायाप्रतीला झेरॉक्स म्हणतात, तसं चौकटी-चौकटींच्या कुठल्याही तक्त्याला एक्सेल म्हणतात. मुलानं स्वतःला नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुना मला 'वाढदिवसाची भेट' म्हणून दिला. त्यात जे एक्सेल आहे ते नक्की कुणाचं, ते मी विचारलेलं नाही. धर्माची गाय, तिचे दात काय मोजायचे.

धाकटा पुतण्या शिकवायला बसला. "काका, पहिली तारीख तुम्ही टाका. आता त्या चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात खाली बारीक ठिपका दिसतोय ना, तो धरायचा आणि खाली ओढायचा. बाकीच्या तारखा आपोआप भरतात." एवढं सांगून त्याला फोन आला आणि तो बोलत बोलत जो बाहेर गेला तो गेलाच.

कोजागिरी सहा ऑक्टोबरला, म्हणजे पहिला चहा सातला. मी टाकलं ०७.१०.२०२५. मध्ये टिंबं दिली, कारण एकतीस वर्षं मस्टरवर टिंबंच देत आलो. ठिपका धरला, ओढला. तीस चौकटी भराभर भरल्या. इतकं सुख मला निवृत्तीच्या दिवशीही झालं नव्हतं. शेजारच्या रकान्यात तीस नावं घातली, फाट्यावरच्या दुकानातून प्रिंट काढली आणि देवळाच्या खांबाला चिकटवून आलो.

संध्याकाळी पहिला फोन आला. "काका, माझा चहा २०४१ला दाखवतोय. दुधाचं आत्ताच सांगून ठेवू का?"

मी देवळात धावलो. पहिल्या ओळीत ७ ऑक्टोबर २०२५. दुसऱ्या ओळीत ७ ऑक्टोबर २०२६. तिसऱ्या ओळीत २०२७. तारीख हलायला तयार नव्हती, महिना हलायला तयार नव्हता. साल मात्र लोणावळ्याचा उतार लागल्यासारखं सुटलं होतं. तिसावं घर ऐंशी पार केलेल्या एका आजोबांचं. त्यांच्यापुढं २०५४. ते शांतपणे म्हणाले, "तेवढं आयुष्य देव देणार असला, तर चहा काय, गावजेवण घालतो."

पुढं बऱ्याच खटपटीनं मला यातली मेख कळली. यंत्राला टिंबांची तारीख ही तारीखच वाटत नाही. त्याच्या लेखी तो एक शब्द, ज्याच्या शेवटी आकडा आहे. 'खोली १' लिहून ओढलं की 'खोली २', 'खोली ३' येतं, तसं त्यानं शेवटचा आकडा वाढवत नेला. आणि हे त्यानं लपवलंही नव्हतं. तारीख म्हणून ओळखलेली गोष्ट ते चौकटीत उजवीकडं चिकटवतं, शब्द डावीकडं. लग्नाच्या मांडवात माणूस कुठल्या बाजूला बसलाय त्यावरून तो मुलाकडचा की मुलीकडचा हे कळतं, तसंच. माझ्या तिसही तारखा डावीकडं बसल्या होत्या. मला वाटलं, नेटक्या बसल्यात.

पुतण्या फोनवर म्हणाला, "टिंब नको काका, तिरकी रेघ द्या." मी दिली. ७/१०/२०२५. ठिपका धरला, ओढला. या वेळी सगळ्या उजवीकडं बसल्या. म्हटलं, सोयरीक जमली. तरी हात पोळलेले असल्यामुळं खांबाला चिकटवण्याआधी ओट्यावर वाचून दाखवायचं ठरलं. तात्या काळा चष्मा लावून मधोमध बसले. मी मस्टरची हजेरी घ्यायच्या आवाजात सुरू केलं.

"सात दहा. सात अकरा. सात बारा…"

त्याबरोबर ओट्याखालून जाणारी एक मोटरसायकल करकचून थांबली. तिच्यावर आमच्या भागात प्लॉटिंगची कामं करणारे गृहस्थ होते. "कुणाचा सातबारा?" त्यांनी विचारलं. ओट्यावर झोपलेले दोघं उठून बसले. मावळात माणूस दोनच आवाजांना दचकतो. एक लोकलचा भोंगा आणि दुसरा हा.

"कुणाचा नाही, चहाची यादी आहे," मी म्हणालो आणि पुढं वाचलं, "सात तेरा."

शांतता पसरली. मग कोणीतरी म्हणालंच, "दुष्काळात तेरावा महिना." तात्यांनी काळा चष्मा वर केला. "तेरावा महिना असतो," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे. १७ मे ते १५ जून. पण तो कार्तिकात कसा शिरला?"

तो शिरला नव्हता. माझं यंत्र जन्मानं अमेरिकन. तिकडं महिना आधी, दिवस मागून. त्यामुळं मी लिहिलं सात ऑक्टोबर आणि त्यानं वाचलं दहा जुलै. त्यानंतर अकरा जुलै, बारा जुलै असं ते इमानेइतबारे पुढं गेलं. २०२५ साली दहा जुलैला गुरुपौर्णिमा होती आणि सहा जुलैला आषाढी एकादशी. म्हणजे माझ्या यादीप्रमाणं विठोबा झोपायला गेल्याला चार दिवस झाले नाहीत, तोच आम्ही टाळ घेऊन त्याला उठवायला हजर. भजनी मंडळातले एकजण म्हणाले, "चार महिन्यांची रजा मंजूर झालेला माणूस आहे तो. टाइमकीपरला कळायला पाहिजे."

हे मला लागलं. पण खरी मौज मोटरसायकलवाल्या गृहस्थांनी आणली. ते ओट्यावर येऊन टेकले आणि म्हणाले, "काका, तुम्हाला एवढं येतं तर माझं एक कोडं सोडवा. मी एक्सेलमध्ये सातबारा लिहितो आणि तिथं सात डिसेंबर उमटतं."

हे कोडं त्यांच्या एकट्याचं नाही. वडगावला तहसील कचेरीच्या आसपास दस्त टाइप करून देणाऱ्या कुणालाही विचारा. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची याचा अधिकार अभिलेख, गाव नमुना बारा म्हणजे तिच्यात काय पिकतं याची नोंद. दोन्ही एका कागदावर येतात म्हणून सातबारा. आमच्याकडं बाराच्या रकान्यात बहुतेक भात, आणि भात म्हणजे इंद्रायणी. तीही इथलीच, वडगावच्या संशोधन केंद्रानं १९८७ साली दिलेली. सात आणि बारा यांच्यामध्ये एक तिरकी रेघ टाकली की साऱ्या महाराष्ट्राला शेत दिसतं, भाऊबंदकी दिसते, कोर्टाच्या फेऱ्या दिसतात. यंत्राला दिसतो डिसेंबर. वर अमेरिकन वळणाचं असलं तर बारा जुलै.

बरं, एवढ्यावर भागत नाही. गट नंबर आणि त्याचा हिस्साही तिरकी रेघ देऊनच लिहितात. गट पाच, हिस्सा दोन : ५ फेब्रुवारी. गट आठ, हिस्सा एक : ८ जानेवारी. गट बारा, हिस्सा तीन : १२ मार्च. त्या गृहस्थांच्या यादीत सबंध शिवार कॅलेंडर होऊन बसलं होतं. वाचले फक्त मोठ्या नंबरचे गट. १४२/२ जसाच्या तसा राहिला, कारण एकशे बेचाळीसावा दिवस किंवा महिना कुठल्याच देशात नाही.

मी शहाणपणा केला. म्हटलं, चौकटीचा प्रकार बदलून शब्द करून टाकू, म्हणजे मूळचा सातबारा परत येईल. केलं. चौकटीत आलं ४५९९८. गृहस्थ वाकून बघत म्हणाले, "हा गुंठ्याचा भाव असेल तर दहा गुंठे मला द्या."

हा आकडा काय भानगड आहे ते शोधण्यात माझे दोन दिवस गेले, पण ते सत्कारणी लागले असं मी अजूनही म्हणतो. यंत्राच्या पोटात तारीख नसतेच. असतात नुसते दिवस. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून तिथून मोजत सुटायचं. ७ डिसेंबर २०२५ हा पंचेचाळीस हजार नऊशे अठ्ठ्याण्णवावा. आपल्याला दिसतो तो महिना, तो वार, सगळा वरचा पोशाख.

हे वाचल्यावर मला एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. आपल्या जुन्या ज्योतिषात याला अहर्गण म्हणतात. एक आरंभदिवस ठरवायचा आणि तिथून दिवस मोजायचे, मग ग्रह कुठं आहेत त्याचं गणित मांडायचं. फक्त कलियुगाच्या आरंभापासून मोजायला लागलं की आकडे लाखांत जातात आणि पंचांग करणाऱ्याच्या पाटीवर मावत नाहीत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली 'ग्रहलाघव' लिहिलं तेव्हा यावर नामी तोड काढली. अकरा-अकरा वर्षांची चक्रं पाडली, एका चक्राचे ४०१६ दिवस. चक्र पुरं झालं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आकडा कधी चार अंकांच्या बाहेर जातच नाही. महाराष्ट्रातली पंचांगं पुढं कित्येक पिढ्या या पोथीवर चालली. गणेश दैवज्ञांच्या हातात ठिपका नव्हता म्हणून बरं.

तर अहर्गण ठीक. पण या मोजणीत एक दिवस जास्त आहे, आणि तो कधी उगवलेलाच नाही. २९ फेब्रुवारी १९००. शतकाचं साल चारशेनं भागलं जात असेल तरच लीप, १९०० नव्हतं. पण १९८३ साली लोटस १-२-३ नावाचा तक्त्याचा प्रोग्रॅम आला, त्यानं ते लीप धरलं. घाईत धरलं, की हिशेब सोपा जावा म्हणून धरलं, ते सोडून देऊ. पुढं एक्सेल आलं. तेव्हा साऱ्या कचेऱ्यांच्या फायली लोटसमध्ये. त्या फायली इकडं आणल्या आणि सगळ्या तारखा एकेक दिवसानं सरकल्या तर गिऱ्हाईक पळणार. म्हणून एक्सेलनं ती चूक जाणूनबुजून तशीच उचलली. ती आजही आहे. कारण आता दुरुस्त करायची तर जगभरच्या फायलींमधल्या तारखा एका दिवसानं हलतील.

ओट्यावर मी हे सांगितलं तेव्हा कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. फेरफाराच्या नोंदीत आजोबांच्या वेळी एक नाव चुकून घुसलं, बापानं ते तसंच उतरवून घेतलं, आणि आता काढायला गेलं तर तीन घरांच्या वाटण्या हलतात, म्हणून 'राहू दे तसंच' म्हणत नांदणाऱ्या जमिनी प्रत्येकाला माहीत होत्या. "म्हणजे अमेरिकेतपण फेरफार आहे," तात्या समाधानानं म्हणाले.

१९००च्या आधी तर खऱ्या एक्सेलच्या लेखी काळच नाही. शिवजयंती तारखेनं की तिथीनं यावर आपल्याकडं केवढा वाद. त्याला तो वाद कळतच नाही. लोहगड आमच्यापासून दुसऱ्या स्टेशनावर, मळवलीला उतरून जायचं. तिथं उभं राहून १९ फेब्रुवारी १६३० टाका. डावीकडं बसेल. शब्द.

एकूण या यंत्राचा स्वभाव माझ्या ध्यानात आला तो असा : जिथं तारीख नाही तिथं त्याला ती दिसते आणि जिथं आहे तिथं दिसत नाही. आमच्या नात्यात एक मावसकाका होते, त्यांना कुठलीही मुलगी दिसली की हिचं स्थळ आपल्या पुतण्याला बरं, असं वाटायचं; आणि पुतण्याचं जमलेलं लग्न मात्र त्यांना साखरपुड्याच्या दिवशी कळलं. त्यांच्याशी भांडण कसं करणार? मन चांगलं.

आणि हा जाच एकट्या मावळाला नाही, हे कळल्यावर जिवाला जरा बरं वाटलं. माणसाच्या शरीरातल्या जनुकांची शास्त्रज्ञांनी छोटी छोटी नावं ठेवली होती. एकाचं नाव 'मार्च१', एकाचं 'सेप्ट१'. एक्सेलमध्ये टाकलं की एक मार्च, एक सप्टेंबर. २०१६ साली काहींनी शोधनिबंधांना जोडलेल्या जनुकांच्या याद्या तपासल्या, तर साधारण पाचातल्या एकात असा घोळ निघाला. मग यंत्र सुधारलं म्हणता? २०२० साली नावं ठेवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली. 'मार्च१'चं 'मार्चएफ१', 'सेप्ट१'चं 'सेप्टिन१'. सासरी नांदायचं तर नाव बदलावं लागतं, हा नियम पेशींपर्यंत पोचला. या आगाऊपणाला आळा घालणारं बटण एक्सेलनं दिलं ते २०२३मध्ये. ज्या समितीच्या नाकात दम आला होता तिनं तोपर्यंत नवी नावं रुळवलीही होती.

सातबाऱ्यावर मात्र उपाय सोपा निघाला आणि तो मला फाट्यावरच्या प्रिंटवाल्या मुलीनं सांगितला. लिहायच्या आधी एक सिंगल कोट द्यायचा. म्हणजे स्वल्पविराम, पण वर टांगलेला. एंटर मारलं की तो दिसतही नाही, पण त्याच्या आड सातबारा सातबाराच राहतो. बाळाच्या कानामागं लावलेली काजळाची तीटच म्हणा. कुणाच्या नजरेत येत नाही, पण नजर लागू देत नाही. "सगळ्यांना तीट लावत बसायचं?" मोटरसायकलवाल्या गृहस्थांनी विचारलं. तर तसंही नको, ती म्हणाली. आख्खा रकाना आधीच शब्द म्हणून ठरवून टाका, मग लिहा. आधी लिहून मग ठरवलंत तर गुंठ्याचा भाव येतो. हे शेवटचं आम्हाला सांगायची गरज नव्हती.

चहाची यादीही तिनंच मार्गी लावली. म्हणाली, महिना आकड्यात लिहूच नका, अक्षरात लिहा. सात, आडवी रेघ, ऑक्टोबर. मग ते अमेरिकन असो की कान्ह्याचं, दुसरा अर्थ काढायला जागाच नाही. ओढलं. सात ऑक्टोबर ते पाच नोव्हेंबर, बरोब्बर तीस. घरी जाऊन कालनिर्णयवर ताडून बघितलं, तर तिथं आमच्या सौभाग्यवतींनी सतराच्या चौकटीत पेन्सिलीनं 'आपला चहा' असं लिहून ठेवलेलं. १९७३ सालापासून महाराष्ट्राच्या भिंतीवर टांगलेला हा तक्ता. त्यात दूध, गॅस, इस्त्री, उसनी साखर सगळं मावतं आणि त्यातली कुठलीही चौकट अजून जुलैत गेलेली नाही. "तुला कुणी सांगितलं सतरा?" मी विचारलं. "तात्या खाकरून गेले मघाशी," ती म्हणाली. माझी यादी खांबाला लागली होती. पण तात्यांचे डोळे बरे झाले होते.

यादी बरोबर आली याचा गावात गवगवा झाला आणि आधीच्या दोन याद्या लोक विसरले, म्हणजे विसरल्याचं दाखवू लागले. आठ दिवसांत ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाचं काम माझ्याकडं आलं. एसटीत पंचाहत्तरीच्या पुढं प्रवास फुकट झाला तो २६ ऑगस्ट २०२२पासून; पासष्ट ते पंचाहत्तर अर्धं तिकीट. तेव्हा नाव, जन्मतारीख, वय अशी एक यादी हाताशी असावी, असं मंडळाचं म्हणणं. बावीस नावं होती. मी महिना अक्षरात लिहीत, ओढाओढी न करता, एकेक तारीख हातानं भरली. तेवढ्यात पुतण्या आला. पडद्याकडं बघून हसायला लागला.

"काका, परत घोळ. तारीख वाढायच्या ऐवजी तीच उतरलीय." रकान्यात ओळीनं होतं : १ जून, १ जून, १ जून, १ जून. मी अरे अरे म्हणेपर्यंत त्यानं पहिल्या चौकटीचा ठिपका धरला आणि खाली ओढला. १ जून १९४४, २ जून १९४४, ३ जून १९४४. बावीसच्या बावीस माणसं एका महिन्यात जन्मली आणि एकदम एक्याऐंशीची झाली.

"गाढवा," मी म्हणालो, "ते बरोबर होतं."

त्याला सांगून पटेना. त्या काळी कुणाच्या जन्माची नोंद? बाप पोराचं बोट धरून शाळेत न्यायचा. गुरुजी पोराला म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान पकड. हात कानाला पोचला की सहा वर्षं पुरी. शाळा जूनमध्ये सुरू, म्हणून तारीख १ जून. त्याच्या खालच्या पोराचं नाव लिहून तारखेच्या रकान्यात गुरुजी नुसत्या दोन तिरक्या रेघा मारायचे, म्हणजे वरीलप्रमाणे. यादीत दोन सख्खे भाऊ आहेत, दोघांची तारीख १ जून १९४८. जुळे नाहीत; मध्ये एक बहीण आहे. ठिपका नंतर निघाला रे, मी पुतण्याला म्हणालो, ओढणं जुनंच आहे.

मी कंट्रोल झेड दाबायला गेलो, तर मागं उभे असलेले सहासष्ट वर्षांचे एक ज्येष्ठ नागरिक हळूच म्हणाले, "राहू दे की. एक्याऐंशी काही वाईट दिसत नाही."

सगळं पूर्ववत करून मी मागून आलेली नावं घातली, त्यात आमची आई. ती शाळेत गेलेली नाही, म्हणून १ जूनची मानकरी नाही. शाळेत न गेलेल्या बायकांची तारीख आधार काढायच्या वेळी ठरली, १ जानेवारी. मंडळाच्या कागदावर कुणीतरी साल नुसतं '२९' असं लिहिलं होतं, मीही तसंच टाकलं. एंटर मारलं. २०२९.

इथंही नियम आहे. दोन आकडी साल एकोणतीसपर्यंत असलं तर यंत्र ते या शतकात टाकतं, तिशीपासून पुढचं मागच्या शतकात. शेजारच्या आक्का '३०'च्या, त्या सुखरूप पंचाण्णव वर्षांच्या निघाल्या. आमच्या आईचा जन्म व्हायला अजून तीन वर्षं अवकाश. वयाच्या रकान्यात नुसतं फुल्याफुल्यांचं कुंपण उभं राहिलं.

आई पलंगावर बसून शेंगा सोलत होती. मी विचारलं, "आई, तुझी खरी तारीख काय गं?"

"तारीख कुठली? भात कापायला आलं होतं. सुईण विळा तसाच हातात घेऊन आली म्हणतात."

"आणि माझी?"

"पानशेत फुटलं तेव्हा तू रांगत होतास. तुझे वडील पुण्याला गेलेले. तिसऱ्या दिवशी रुळांवरून चालत घरी आले, गुडघ्यापर्यंत चिखल."

पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ला. पुतण्यानं तोवर लॅपटॉप स्वतःकडं ओढून एका रिकाम्या चौकटीत तीट न लावता सातबारा लिहिला होता. अमेरिकन वळण आम्ही अजून बदललेलंच नव्हतं. "बघ आज्जी," तो म्हणाला, "याला सातबारा सांगितला तर हे बारा जुलै म्हणतंय. वेडंच आहे की नाही?"

"त्यात काय वेडं?" आई शेंगांवरून नजर न काढता म्हणाली. "तुझा आजा त्या दिवशी कशाला गेला होता पुण्याला? जिल्ह्याच्या कचेरीत, सातबाऱ्याच्याच कामाला."